खुणांची बाटली

आमच्या आबांना खोटं बोलता येत नसे, पण अर्धं सांगून गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मी परभणीला शिकत होते, त्या वर्षांत कुणी विचारलं, "काय कंपाउंडर, पोरगी काय करते सध्या?" की ते म्हणत, "डॉक्टरकी शिकते." आणि समोरच्याने पुढे काही विचारण्याआधी त्याच्या खोकल्याची चौकशी करत. खोकला नसलेल्या माणसाच्या खोकल्याचीसुद्धा. ते ज्या डॉक्टरांकडे उभी हयात कंपाउंडर होते, त्या डॉक्टरांनाही त्यांनी एवढंच सांगितलं होतं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी आपला जुना स्टेथोस्कोप डबीत घालून माझ्यासाठी पाठवला. आबांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा चोरीचा माल पोचवणाऱ्यासारखा झाला होता. तो स्टेथोस्कोप म्हशीच्या बरगड्यांवर लागणार आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही बोलत नव्हतं.

मेहरूणला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पत्र्याची पेटी, आणि पेटीत घरातले सगळे महत्त्वाचे कागद. मागच्या खोलीत आईची चूल. ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी थापताना आईच्या हातांचा जो आवाज येई, त्यावरून तिचा त्या दिवसाचा मूड मला कळायचा. लांबून मालगाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणत आणि आई न बघता हात वर करून टोकाचा पितळी तांब्या धरायची. आबा संध्याकाळी यायचे ते स्पिरिटचा वास घेऊन. चहा झाला की मैद्याच्या खळीची वाटी आणि कात्री घेऊन बसत. त्या काळी खोकल्या-तापाचं औषध दवाखान्यातच कालवून बाटलीत भरून देत, आणि बाटलीवर उभी कागदाची पट्टी चिकटवलेली असे. पट्टीच्या कडेला सारख्या अंतरावर खाचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या पट्ट्या आबा घरी कापत आणि मी शेजारी बसून त्या मोजून गठ्ठे बांधी. कागद दुमडून एका फटक्यात खाच पाडायची, ती सरळच यायला हवी. वाकडी आली की आबा पट्टी फाडून टाकत. मी एकदा म्हटलं, "आबा, एवढं काय त्यात? बाटलीवर लिहून द्या ना, दोन दोन चमचे म्हणून." ते म्हणाले, "विशाखा, पेशंटला वाचता येत नसेल, पण खाच दिसते." हे वाक्य मी तेव्हा एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं.

माणसांच्या डॉक्टरकीला मला थोडे गुण कमी पडले आणि जनावरांच्या डॉक्टरकीला पुरले. खानदेशात तेव्हा तिचं कॉलेज नव्हतं म्हणून परभणी. आमच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्ही बसलो की बाकीची मुलं नाकं दाबत, कारण फॉर्मेलिनचा वास केसांतून जात नसे. सुट्टीत गाडीने घरी येताना शेजारची बाई कौतुकाने विचारी, "डॉक्टर होणार? कशाची?" मी सांगितलं की तिचं कौतुक उतरून जाई आणि ती खिडकीबाहेर बघू लागे. खरं सांगायचं तर मलाही लाज वाटे. आबांना दोष देण्यात अर्थ नव्हता, मी स्वतःसुद्धा अर्धंच सांगू लागले होते. आज मेहरूणच्या तळ्याच्या काठाने सकाळी फिरायला जाते तेव्हा लॅब्रेडॉर घेऊन येणारी मंडळी मला थांबवून मॅडम, मॅडम करतात. शहरात कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला मान आहे, एसी दवाखाना आहे. खेड्यातल्या दवाखान्यांवर मात्र कुलपं दिसतात, आणि एकेका डॉक्टरच्या गळ्यात तीन-तीन गावांचा चार्ज. कॉलेजची मुलं तुटपुंज्या विद्यावेतनासाठी उन्हात धरणं धरून बसली की वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी येते. वर्गात आता निम्म्या मुली असतात, हे बघून मात्र माझं पोट भरतं.

शेवटच्या परीक्षेनंतर इंटर्नशिप होती. त्याआधी आबांनी माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता. आपल्या वळणदार अक्षरात सगळा भरलाही होता, फक्त माझी सही बाकी. "इंटर्नशिप पुरी कर. पदवी पदरात पडू दे. मग टेबलाची नोकरी. मुलीच्या जातीने गावोगाव शेणात हात घालत हिंडायचं नाही." मी हो म्हटलं. रडले नाही, भांडले नाही. उलट मनातून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला आज लाज वाटते. फॉर्म पत्र्याच्या पेटीत गेला आणि मी धुळे जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी रुजू झाले.

तिथल्या डॉक्टरसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "मी बाहेर असलो की तू फक्त नोंदी ठेवायच्या. इलाज नाही करायचा." आणि ते आठवड्यातले चार दिवस बाहेरच असत, कारण त्यांच्याकडेही तीन दवाखाने होते. माझी राहायची सोय त्यांनी अक्कांच्या घरी केली. अक्का म्हणजे साठीची, काटक, नाकात चमकी घातलेली विधवा बाई. घरात ती, तिचा मुलगा गोकुळभाऊ, मोऱ्या आणि चांद्या हे दोन बैल आणि तांबू नावाची गाय. गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच कूड होता. पहाटे बैलांच्या रवंथाचा आवाज ऐकत मी जागी व्हायची.

अक्काने मला दारातच विचारलं, "तूच का व नवी डॉक्टरीण? ढोरेस्नी? आडनाव काय तुन्हं?"

मी सांगितलं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "बरं. हातपाय धोय. जेवाले बठ." जेवायला दादर ज्वारीची भाकरी, कढी आणि वाफवलेल्या डाळीचे फुनके होते. पाणी मात्र वेगळ्या गिलासात आलं. तो गिलास कोनाड्यात एकटा राही. मला कळायचं ते कळलं. आठवडाभर मी त्या गिलासातून पाणी प्याले आणि आठवड्याने एका दुपारी, भांडी घासता घासता, अक्काच वैतागली. "दोन दोन गिलास कोन घासी? ले, यामाच पी." तिने आपला गिलास पुढे केला. एवढंच. मोठं काही बोलणं झालं नाही, तिने माफी मागितली नाही आणि तिने ती मागावी अशी मी अपेक्षाही केली नाही. वेगळा गिलास पुढे गोठ्यात सरकी मोजायला गेला. मी अक्काचे उपकार मानते ते त्या दुपारपासून. त्यानंतर वांग्याच्या भरताचा पहिला घास ती माझ्या ताटात टाकू लागली, आणि भरीत असं होतं की त्याच्यासाठी माणूस चार शिव्या खाईल.

ज्वारी कापून झाली होती. वावरात खुंटं उभी होती आणि त्यांना खालून हिरवागार कोवळा फुटवा आला होता. त्या सकाळी साहेब बाहेरगावी, मी दवाखान्यात वहीत नोंदी करत बसलेली. गोकुळभाऊ धावत आले, पायात चप्पल नाही.

"बाई, पान लागनं! तांबू मरी गयी. बैल बी पडनात!"

आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी पिशवी घेतली, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि त्यांच्यामागे पळत सुटले. वाटेत साहेबांची ताकीद आठवली आणि पाय अडखळले. मी थांबले असते तर कुणी मला दोष दिला नसता, हे मला नीट माहीत होतं.

वावरात तांबू आडवी पडून संपली होती. मोऱ्या खाली बसलेला, मान जमिनीला, धापा टाकतोय, तोंडाला फेस. चांद्या उभा, पण पाय थरथरतायत. पोटं जराशी फुगलेली. मला वाटलं, पोटफुगीच, सुई घालून हवा काढायला हवी. मी पिशवीत हात घातला तेवढ्यात गोकुळभाऊंनी चाकूने मोऱ्याच्या कानाचं टोक कापलं.

मी किंचाळले, "काय करताय? हे कसले अडाणी उपाय!"

"कान काप्या का इख उतरस, बाई," ते हात जोडून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी अजून बोलणार होते. पण कानातून रक्त ओघळलं आणि माझी नजर त्याच्यावर गेली. ते रक्त कुंकवाइतकं लाल होतं. श्वास कोंडलेल्या जनावराचं रक्त काळपट असायला हवं. परभणीला आमचे सर फळ्याकडे पाठ करून सांगत, "मरायला टेकलेल्या जनावराचं रक्त नको इतकं लाल दिसलं, की त्याने काय खाल्लं ते विचारा." मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं यांनी?"

"काय बी नही. ज्वारीना खुट्टास्मा सोडेल व्हतात."

किरळ लागली होती. त्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, रक्तातला प्राणवायू अंगाला वापरू देत नाही, म्हणून रक्त लाल आणि जनावर गुदमरलेलं. साप नाही, पोटफुगी नाही. ज्या कापलेल्या कानावरून मी त्या माणसाला अडाणी म्हटलं, त्या कानानेच मला निदान दिलं. गेली कित्येक वर्षं मी नव्या मुलांना सांगत आले आहे, शेतकऱ्याने काय केलंय त्यावर ओरडायच्या आधी ते नीट बघा.

उतारा मला पाठ होता. हायपो. दवाखान्याच्या कपाटात त्याच्या दोनच कुप्या होत्या, हेही मला ठाऊक होतं, कारण वहीतली नोंद माझीच. गोकुळभाऊंनी सायकलवर जाऊन त्या आणल्या. मोऱ्या जास्त आजारी म्हणून दोन्ही त्याच्या शिरेत दिल्या. मानेवरची शीर पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा लागली. आता पोटातलं विष मारायला दोन्ही बैलांना तासातासाला हायपो पाजत राहायला हवं होतं. आणि तो संपला होता.

अक्का तांबूच्या डोक्याशी बसली होती. तिने वर बघून विचारलं, "मन्हा बैल वाचतीन ना व बेटी?"

तिने मला कधी बेटी म्हटलं नव्हतं. गाय तर गेलीच होती. बैल गेले की त्या घराची शेती दुसऱ्याच्या हातात जाणार, हे सांगायला कुणी नको होतं. मी म्हटलं, "अक्का, इथे फोटो स्टुडिओ आहे ना?" तिला वाटलं असणार, पोरीचं डोकं फिरलं.

बाजारपेठेत नानांचा स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढायचे आणि मागच्या काळोख्या खोलीत धुवायचे. फोटो कागदावर पक्का करायला जे खडे लागतात, ते हायपोचेच. मी पळत जाऊन ते मागितले तेव्हा नाना म्हणाले, "बाई, येन्हामा आम्ही फोटो धोतस. बैल धोवाना शे का?"

मी म्हटलं, "नाना, पाजायचा आहे."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी पूर्ण पुडा माझ्या हातात ठेवला आणि दुकानाला कडी घालून माझ्यामागे आले. त्यांच्यामागे अर्धा बाजार आला. कुणीतरी म्हणालं, "साहेबले येवू द्या. पोर काय करी?" आणि ते काही चूक नव्हतं. निदान हुकलं असतं तर पुढची पन्नास वर्षं त्या गावात लोकांनी सांगितलं असतं, एक पोरगी आली होती, तिने बैलाला फोटोचं पाणी पाजून मारलं.

खडे पाण्यात विरघळवले. अक्काच्या घरातून काचेची मोठी बाटली आली आणि बैलांना काढा पाजायची बांबूची नळी आली. आता पंचाईत अशी, की दवाखान्याच्या ओट्यावर दुसरी जनावरं उभी होती. तिथे मला जाऊन येऊन करावं लागणार, आणि डोस चुकता कामा नये. अक्काला वाचता येत नव्हतं. गोकुळभाऊ मोऱ्याच्या मानेला मिठी मारून बसले होते. मी माझ्या नोंदवहीचं पान फाडलं, दुमडलं आणि अक्काच्या विळीवर खाचा पाडल्या. तिने पिठाची खळ केली. पट्टी बाटलीवर चिकटवली आणि मी म्हटलं, "अक्का, दोघांना एकेक खाच. भाऊंच्या घड्याळात तास झाला की पुन्हा एकेक. नळी गालातून घालायची, घशात नाही. आणि घाई नाही करायची."

अक्काने बोटाने एकेक खाच चाचपली. "हाई समजनं मले," ती म्हणाली. "कोन्ही शिकाडं तुले?"

"माझ्या वडिलांनी."

दिवसभर मी दवाखाना आणि वावर अशा फेऱ्या घातल्या. प्रत्येक वेळी बाटली बघायची आणि औषध बरोबर खाचेवर उभं असायचं, केसभर वर नाही की खाली नाही. दुपारी चांद्याचे पाय थरथरायचे थांबले. स्टेथोस्कोप मोऱ्याच्या छातीला लावला की ठोका कधी लागायचा, कधी हुकल्यासारखा वाटायचा. ऊन कलायला आलं तेव्हा मी ओट्यावर एका शेळीला टाके घालत होते आणि लांबून अक्काची हाक आली. म्हातारी बांधावरून पदर खोचून पळत येत होती.

"ऊठना! मोऱ्या ऊठना! शेन टाकं त्यानी!"

मी शेळी सोडून तिथेच मटकन बसले आणि हमसून हमसून रडले. इतकी मोठी झाले, पुढे साहेबीण झाले, म्हशीपासून माणसाला लागतो तो ताप अंगात शिरून सहा महिने अंथरुणाला खिळले, सांधे अजून कुरकुरतात. पण त्या शेणाच्या बातमीइतका आनंद मला दुसऱ्या कशाने दिल्याचं आठवत नाही. साहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी आधी मला परवानगीविना इलाज केल्याबद्दल यथेच्छ झापलं, मग वहीत माझ्या नावाने नोंद केली आणि चहा मागवला.

इंटर्नशिप संपवून निघाले तेव्हा अक्काने ती बाटली राखेने सात वेळा घासून, उकळून, घाण्याचं भुईमुगाचं तेल भरून माझ्या हातात दिली. पट्टी जशीच्या तशी, तिने ती भिजू दिली नव्हती. "तुन्हा बापले दे. सांग, पट्टी कामले उनी."

घरी आले. आबांनी बाटली उजेडात धरली. तेलाकडे बघितलंच नाही. पट्टीवरून अंगठा फिरवला.

"दुसरी खाच वाकडी कापलीस."

"विळीवर कापली, आबा. कात्री नव्हती."

"कुणाला दिलं?"

"बैलांना."

"किती डोस?"

मी सांगितले. त्यांनी मनाशी हिशेब केला. "वाचले?"

"वाचले."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, कानापासून शेणापर्यंत. आईची भाकरी तव्यावर करपली तरी ती दारातून हलली नाही. आबांनी बाटली बुद्धाच्या तसबिरीजवळ ठेवली आणि कामावर निघून गेले.

फॉर्म पाठवायची मुदत त्या आठवड्यात संपत होती. मला ती परीक्षा द्यायची नव्हती, हे आता मला ठामपणे कळलं होतं. पण आबांना दिलेला शब्द मोडायची हिंमतही नव्हती. दोन दिवस मी पेटीभोवती घुटमळले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनाशी म्हटलं, शब्द तो शब्द, पेन घेतलं आणि पेटी उघडली. फॉर्म नव्हता.

आबा नेहमीच्या जागी खळीची वाटी घेऊन बसले होते. पुढ्यात पट्ट्यांचा ढीग, खाचा एकजात सरळ. मी सवयीने मोजायला बसले. एक पट्टी उलटी झाली. मागे छापलेली अक्षरं होती, अर्धवट कापलेली: अर्जदाराचे संपूर्ण ना. पुढे आबांच्या वळणदार अक्षरातलं माझं नाव, मधोमध खाच पडलेलं.

"आबा, हा तर फॉर्म..."

"कागद चांगला आहे," ते कात्री चालवत म्हणाले. "जाड आहे. लवकर भिजत नाही."

त्यांनी आणखी दोन पट्ट्या कापल्या, उजेडात धरून खाचा तपासल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. डॉक्टरांना त्यांचा स्टेथोस्कोप कुठे कुठे लावलास ते तू तुझ्या तोंडाने सांग. मी शेजारी उभा राहतो."